पहिला संगणक जुळवताना

घरी संगणक जुळवायचा ठरला की नजर आधी ग्राफिक्स कार्डावर जाते. बजेट आखूड असेल तर ते सध्या बाजूला ठेवा. अभ्यास, ऑफिसचे काम, सिनेमे, हलके गेम यांना प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स पुरते. मात्र नाव नीट वाचा. इंटेल कोअरच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स नसते; वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड जोडीनेच निवडावे लागतात, कारण सॉकेट जुळले पाहिजे. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर डीडीआर४ रॅम चालते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ला डीडीआर५च लागते. पुढे फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल, तर एएम५वर थोडे जास्त पैसे घालणे मला शहाणपणाचे वाटते. रॅम १६ जीबी घ्या, पण ८-८च्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरते, आणि दोन पट्ट्यांमुळे त्याला माहिती जवळपास दुप्पट वेगाने मिळते. साठवणीसाठी एसएसडी हवीच.

काटकसर कॅबिनेटवर करा, एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या भागावर, मुळीच नको. निकृष्ट एसएमपीएस बिघडताना मदरबोर्डही जाळू शकतो. त्यावरचा ‘८० प्लस’ शिक्का विजेची बचत सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. म्हणून नावाजलेल्या कंपनीचाच घ्या.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा किंवा ऑनलाइन, प्रत्येक भागाचे जीएसटी बिल मागून घ्या आणि वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवा.