आधीं कोण, मागून कोण?

चैत्री पौर्णिमा जवळ आली म्हणजे उंच सासनकाठ्या घेऊन भाविकांच्या रांगा वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या, डोंगराकडे चालूं लागतात. ह्या डोंगरापासून थोड्याच कोसांवर शिरोली व गोकुळ शिरगांव येथें ओतकामाचे व यंत्रकामाचे अनेक कारखाने आहेत. तेथील एका लहानशा कोड्याची ओळख आज आपण करून घेऊं.

समजा, एका कारखान्यांत दोन स्वयंचलित यंत्रें आहेत: एक लेथ, दुसरें भोंकें पाडण्याचें ड्रिल. प्रत्येक लॉट आधीं लेथवर व मग ड्रिलवर जातो. चार लॉट आले आहेत. ‘अ’ ला लेथवर ५ व ड्रिलवर २ तास लागतात. ‘ब’ ला १ व ६. ‘क’ ला ९ व ७. ‘ड’ ला ३ व ८. यात्रेच्या आदल्या दिवशीं सकाळीं सहा वाजतां यंत्रें सुरू झालीं. काम आटोपल्यावरच कामगारांस डोंगरावर जावयाचें आहे.

आल्या क्रमानें, अ-ब-क-ड असें, काम घेतलें तर ड्रिल आरंभीं ५ तास व मध्यें २ तास रिकामें बसतें, आणि सर्व काम ३० तासांनीं संपतें. म्हणजे यात्रेच्या दिवशीं दुपारचे बारा वाजतात!

१९५४ सालीं एस. एम. जॉन्सन ह्या अमेरिकन गणितज्ञानें ह्यावर एक सोपा नियम प्रसिद्ध केला. सर्व आंकड्यांत सर्वांत लहान आंकडा शोधावा. तो लेथचा असेल तर तो लॉट सर्वांच्या आधीं घ्यावा. ड्रिलचा असेल तर सर्वांच्या शेवटीं ठेवावा. तो लॉट खोडून उरलेल्यांस हाच नियम लावावा. कारण उघड आहे: ड्रिलला लवकर काम मिळावें, आणि लेथ थांबल्यावर ड्रिलवर थोडेंच उरावें.

विद्यार्थ्यांनो, कागद घेऊन पाहा. क्रम ब-ड-क-अ असा येतो व काम २४ तासांत पुरें होतें. ह्याहून लवकर होणें शक्यच नाहीं. कारण ड्रिलचें एकंदर काम २३ तासांचें, व पहिला तास तरी त्यास वाट पाहावीच लागते. नवें यंत्र न घेतां, कोणासही अधिक न राबवितां, सहा तास वांचले!

लॉट केवढा असावा, हाही प्रश्न आहेच. १०० नग असून प्रत्येकास दोन्ही यंत्रांवर एकेक मिनिट लागत असेल, तर सर्व नग एकदम पुढें पाठविल्यास २०० मिनिटें लागतात. दहा-दहा पाठविल्यास ११०. परंतु निरनिराळ्या नगांचे फार लहान लॉट केले तर दर वेळीं यंत्राची जुळणी बदलण्यांतच वेळ जातो. म्हणून मध्यम मार्ग शोधावा लागतो.

यंत्रें तीन झालीं कीं असा सोपा नियम चालत नाहीं. दहा लॉटांचे क्रम ३६,२८,८०० होतात. हा प्रश्न स्वभावतःच अति कठीण आहे, असें गॅरी, डेव्हिड जॉन्सन व रवी सेठी ह्यांनीं १९७६ सालीं सिद्ध केलें. म्हणून आज संगणकही बहुधा सर्वोत्तम नव्हे, तर पुरेसा चांगला क्रम शोधून समाधान मानतात.

यंत्र सांगितलेलें काम चुकत नाहीं. पण आधीं काय सांगावें, हा विचार माणसासच करावा लागतो. अभ्यासाला बसतांना व घरकामांतही हा विचार मुलांनीं करावा, आणि आईबापांनीं तो त्यांस करूं द्यावा.