वीस मेगाबाइटची तयारी

हल्ली हार्ड डिस्क आणली, केबल जोडली की संगणक तिला लगेच ओळखतो. १९८०च्या दशकातल्या पीसीत असं होत नसे, कारण डिस्कलाच स्वतःबद्दल काही सांगता येत नसे. आपल्याला किती हेड आहेत, किती सिलिंडर आहेत, कुठला ट्रॅक खराब आहे, यातलं काहीही तिला विचारून कळायचं नाही. ते बसवणाऱ्याने माहीत करून घ्यायचं आणि यंत्राला सांगायचं. त्यामुळे डिस्क बसवणं आणि डिस्क तयार करणं ही दोन निरनिराळी कामं होती. पहिलं स्क्रू-ड्रायव्हरने उरकायचं. दुसऱ्याला डोकं लागायचं.

नमुन्यादाखल सीगेटची एसटी-२२५ घेऊ. सव्वापाच इंची, दोन तबकड्या, चार हेड, ६१५ सिलिंडर. प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर आणि प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की सुमारे २१.४ दशलक्ष बाइट येतात. बाजारात तिला ‘वीस एमबी’ म्हणत. तिचं घराणं जुनं. अ‍ॅलन शुगार्ट, फिनिस कॉनर आणि सहकाऱ्यांनी १९७९मध्ये कॅलिफोर्नियात कंपनी काढली, तीच पुढे सीगेट झाली. १९८०मध्ये त्यांनी ५ एमबीची एसटी-५०६ आणली. पाठोपाठ १० एमबीची एसटी-४१२ आली. मार्च १९८३मध्ये आयबीएमने एक्सटी बाजारात आणला तो १० एमबीची हार्ड डिस्क पोटात घेऊनच, आणि मग या डिस्कांच्या जोडणीची पद्धत पीसीच्या जगात रूढ झाली.

१९८१च्या मूळ पीसीत मात्र अशी डिस्क टाकायची तर आधी यंत्राचीच डागडुजी करावी लागे. त्याचा पॉवर सप्लाय ६३.५ वॉटचा, एक्सटीला आयबीएमने १३० वॉटचा दिला, यावरूनच काय ते समजा. शिवाय ऑक्टोबर १९८२च्या आधीचा बायॉस हार्ड डिस्कच्या कंट्रोलरसारख्या जोडकार्डांवरच्या रॉमकडे ढुंकूनही पाहत नसे. ती चिप बदलल्याशिवाय हार्ड डिस्कवरून संगणक सुरू होणं अशक्य.

केबल दोन. ३४ तारांची रुंद पट्टी हुकूम नेते, २० तारांची अरुंद पट्टी माहितीची ने-आण करते. गंमत म्हणजे फ्लॉपीची केबलही ३४ तारांचीच. दोन्हींत काही तारा मध्येच पिळलेल्या असतात, फक्त पीळ वेगवेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी लागली की डिस्क मुकी. एकाच केबलवर दोन डिस्का असतील तर शेवटच्या डिस्कवरच टर्मिनेटर ठेवायचा, मधल्या डिस्कवरचा काढायचा. यात कौशल्य फारसं नाही, लक्ष मात्र हवं.

खरी कामगिरी त्यानंतरची: लो-लेव्हल फॉरमॅट. कारखान्यातून आलेली तबकडी म्हणजे रेघा न आखलेली वही. कुठला सेक्टर कुठे सुरू होतो, त्याचा क्रमांक काय, या खुणा कंट्रोलर कार्डाने डिस्कवर स्वतः लिहायच्या. वेस्टर्न डिजिटलच्या आणि तशा इतर कित्येक कार्डांच्या रॉममध्येच हा प्रोग्राम असे. डॉसमध्ये ‘डीबग’ सुरू करायचं आणि पडद्यावर नुसती आडवी रेघ उमटली की ‘जी=सी८००:५’ टाइप करायचं. मेनू नाही, चित्र नाही. थेट स्मृतीतल्या एका पत्त्यावर उडी. त्या काळच्या तंत्रज्ञांना हा पत्ता घरच्या फोन नंबरासारखा पाठ असे. मग कार्ड प्रश्न विचारी: कुठली डिस्क, इंटरलीव्ह किती, खराब ट्रॅक कुठले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डिस्कवरच्या लेबलवर असायचं. कारखान्यात तपासताना सापडलेल्या दोषांची हेड आणि सिलिंडरनुसार यादी त्यावर दिलेली असे, आणि ती आकड्यागणिक टाइप करायची. नव्या डिस्कवर दोष असणं त्या वेळी कुणाला खटकत नसे. यादी छोटी आहे ना, एवढंच गिऱ्हाईक पाही.

जाणकारांचा एक दंडक होता: डिस्क ज्या स्थितीत बसणार आहे, आडवी किंवा उभी, त्याच स्थितीत आणि आधी काही वेळ चालवून, चांगली गरम झाल्यावरच फॉरमॅट करायची. ऐकायला अंधश्रद्धा वाटते, पण त्याला पक्कं कारण आहे. एसटी-२२५चे हेड स्टेपर मोटरने हलतात. मोटर ठरावीक पायऱ्या मोजत पुढे जाते आणि थांबते. आपण नेमके ट्रॅकच्या माथ्यावर आलो का, हे ती तपासत नाही. उष्णतेने धातू प्रसरण पावतो. गार डिस्कवर आखलेल्या खुणा ती तापल्यावर किंचित बाजूला पडतात आणि वाचनात चुका सुरू होतात. पुढे व्हॉइस कॉइल आणि तबकडीवरच्या सर्वो खुणा आल्या, हेड स्वतःची जागा स्वतः शोधू लागले आणि हा दंडक मावळला.

इंटरलीव्हचा प्रश्न तर या सगळ्या कारभाराचा गाभा. तबकडी मिनिटाला ३६०० फेरे घेते, म्हणजे हेडखालून एक सेक्टर जायला जेमतेम एक मिलिसेकंद. एक्सटीचा ४.७७ मेगाहर्ट्‌झचा ८०८८ प्रोसेसर आणि त्याचं कार्ड एक सेक्टर उचलून बाजूला ठेवेपर्यंत पुढचा निघून गेलेला. मग त्यासाठी अख्खा फेरा थांबा. म्हणून सेक्टरांचे क्रमांक सलग न देता अंतर राखून देत, हाच इंटरलीव्ह. एक्सटीत हे प्रमाण ६ला १ होतं: सहा फेऱ्यांत पूर्ण ट्रॅक, सेकंदाला सुमारे ८७ हजार बाइट. हाव धरून अंतर यंत्राला झेपणार नाही इतकं कमी केलं, तर प्रत्येक सेक्टरला एक फेरा, सतरा सेक्टरांना सतरा फेरे, आणि वेग ३० हजारांवर. वेग वाढवायला जावं आणि डिस्क रांगायला लागावी, असा हा हिशेब. योग्य आकडा संगणक आणि कार्ड दोन्ही पाहून ठरायचा. डिस्क तीच, पण यंत्र बदललं की आकडा बदलला. स्टीव्ह गिब्सन यांचं स्पिनराइट गाजलं ते यामुळेच. आतला मजकूर न घालवता ते इंटरलीव्ह बदलून देई.

हाव आणखी एका दिशेने धावायची. आरएलएल पद्धतीचं कार्ड लावलं की ट्रॅकवर १७ऐवजी २६ सेक्टर मावत, वीसाचे तीस एमबी होत. सीगेटने त्यासाठी वेगळी एसटी-२३८आर विकली. तरी लोक साधी २२५ त्या कार्डाला लावून पाहत. चालली तर चालली. माझ्या मते हा शुद्ध जुगार होता.

यापुढचं काम सोपं. ‘एफडिस्क’ने विभाग पाडायचा, तो सक्रिय करायचा, आणि ‘फॉरमॅट सी: /एस’. शेवटचा ‘एस’ विसरला तर डिस्क भरता येते, पण संगणक तिच्यावरून सुरू होत नाही. डॉस ३.३पर्यंत एका विभागाला ३२ एमबीची मर्यादा होती, २०वाल्यांना तिची झळ लागली नाही. संगणक हलवण्यापूर्वी ‘पार्क’ चालवून हेड सुरक्षित जागी न्यायचे, हे मात्र सगळ्यांनाच पाळावं लागे.

आयबीएमच्या १९८४च्या एटीत डिस्कचा प्रकार बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या सीमॉसमध्ये नोंदवला जाऊ लागला. बॅटरी संपली की नोंद गेली. डिस्क धडधाकट, मजकूर शाबूत, पण संगणक म्हणणार डिस्कच नाही. मग आयडीई आलं. कंट्रोलर डिस्कच्याच अंगावर बसला, खुणा कारखान्यातच आखून येऊ लागल्या. तंत्रज्ञाच्या हाती मास्टर-स्लेव्हचा जंपर आणि बायॉसमधले आकडे एवढंच उरलं. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर यांमुळे आलेली ५२८ एमबीची भिंत ही त्या काळातली मोठी डोकेदुखी. ४८६ संगणक वापरलेल्यांना ती आठवत असेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जोडून घेणाऱ्या पिढीला जंपर माहीत आहे. ‘सी८००’ त्याआधीच्यांना.

जुना संगणक पुन्हा चालता करायचा असेल तर आज आयडीईच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड साध्या अडॅप्टरने लागतं, आणि एक्सटीसाठीही एक्सटी-आयडीई कार्डं मिळतात. पण डिस्कवर काही असण्याची शक्यता असेल, तर घाई नको. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड लावून डॉसवर मराठी टंकलेखन झालेलं आहे. तसा एखादा पीसी कुठल्या संस्थेच्या किंवा छापखान्याच्या माळ्यावर असेल, तर त्यातला मजकूर दुसरीकडे कुठेही नसू शकतो. एका कार्डाने आखलेली आयडीईपूर्वीची डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला बहुधा वाचता येत नाही. म्हणून डिस्क काढलीत तर तिचं कार्ड आणि दोन्ही केबल तिच्याबरोबरच बांधून ठेवा, लेबल फाडू नका, आणि आतल्या मजकुराची नक्कल हाती येईपर्यंत कुणालाही ‘फॉरमॅट’ हा शब्द टाइप करू देऊ नका.