कांदेपोहे, पण गिटारसोबत!

स्थळ बघायचं म्हटलं की आपण मंडळी पत्रिकेपासून पॅकेजपर्यंत सगळं विचारतो. इलेक्ट्रिक गिटार घ्यायला गेलो की मात्र प्रश्न एकच... "यात रेड आहे का?" रंग पसंत पडतो, काउंटरमागचा मुलगा एक झकास सोलो वाजवून दाखवतो, आपण कार्ड पुढे करतो. झालं, ठरलं लग्न! पहिल्या गिटारच्या बाबतीत हे खपून जातं. विशीत आपल्याला खांदा नावाचा अवयव आहे हे लक्षात तरी कुठे असतं? दुसरी गिटार घ्यायची वेळ येते ती साधारण पस्तिशीनंतर. आणि तेव्हा खांदा, मनगट, कंबर असे सगळे नातेवाईक बैठकीला सोबत येतात.

माझी पहिली गिटार २००९ सालची. नोकरीतले पहिले चार पगार साठवून घेतलेली, लालभडक, आणि अंगानं चांगली भरलेली. कॉलेजच्या जुन्या मित्रांबरोबर सुरू केलेला बँड, लग्न, दोन कंपन्या, एक लॉकडाउन, एक बाळंतपण... सगळ्यात ती सोबत होती. अजूनही दर रविवारी दुपारी कोथरूडमधल्या एका बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये आम्ही जमतो. दोन टेस्टर, एक सीए, एक डेंटिस्ट आणि मी. आठवड्यातले हे अडीच तास असे की ज्यात मला कुणी 'आई' म्हणत नाही आणि कुणी 'क्विक कॉल' लावत नाही.

तर गेल्या वर्षी डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. बरणीचं झाकण उघडताना, लेकाला उचलून घेताना आणि सगळ्यात जास्त बार कॉर्ड धरताना. बार कॉर्ड म्हणजे तर्जनी आडवी ठेवून सहाही तारा एकदम दाबायच्या आणि अंगठ्यानं मागून रेटा द्यायचा. डॉक्टरांनी अंगठा मुठीत धरायला लावून मनगट करंगळीकडे वाकवलं आणि मी खुर्चीतून उठलेच! 'डी कर्व्हेन' नावाचं प्रकरण निघालं. अंगठ्याच्या शिरा मनगटापाशी ज्या बोगद्यातून जातात, तो सुजतो. लहान मूल सारखं उचलणाऱ्या आयांमध्ये हे अगदी कॉमन. सहा आठवडे पट्टा, मग व्यायाम. "गिटार सोडायची का?" मी घाबरत विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सोडू नका. पण तीच गिटार, त्याच पद्धतीनं, तेवढाच वेळ वाजवलीत तर पुन्हा इथेच भेटू."

तोवर जुनीच्या फ्रेट्सही झिजल्या होत्या. तारा जिथे रोज दाबल्या जातात तिथे धातूला खाचा पडतात, मग सूर खरखरतो आणि आपण नकळत जास्त जोर लावतो. म्हणजे माझ्या अंगठ्याला दुहेरी शिक्षा. कॅम्पातल्या आमच्या गिटार दुरुस्तीवाल्या अंकलकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मानेवरून एक डोळा लांबवर फिरवला आणि म्हणाले, "बाळा, फ्रेट्स मी नव्या बसवीन. मान जाड आहे, ती घासून बारीक करीन. पण वजनाचं काय करू? लाकूड डाएट करतं काय?"

एवढ्या खर्चानंतरही माझी मूळ तक्रार तशीच राहणार होती. म्हणजे नवं स्थळ बघणं आलं.

वजनकाटा सोबत ठेवा

विमानप्रवासाच्या आधी बॅगा तोलायचा तो छोटा लटकता काटा आठवतोय? मी तो पर्समध्ये टाकून दुकानं फिरले. हसा खुशाल! लाकूड शेवटी लाकूडच. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या शेजारी टांगलेल्या दोन गिटारींमध्ये अर्ध्या किलोचा फरक मी स्वतः मोजलाय. माझी जुनी भरली ४ किलो ३५० ग्रॅम. अडीच तास एका खांद्यावर.

सॉलिड महोगनीची, वर मेपलचं जाड झाकण असलेली लेस पॉल घाटाची गिटार बहुधा चार किलोंच्या पुढेच जाते. आवाज लोण्यासारखा, पण वजन वरवंट्यासारखं! म्हणून तर १९८०च्या दशकापासून गिब्सननं आतून लाकूड पोखरून भार कमी करायला सुरुवात केली. उलट स्ट्रॅटोकास्टरचा जन्मच आरामासाठी. फेंडरची आधीची टेलिकास्टर म्हणजे सरळ पाट. तिची कड बरगड्यांत रुतते अशी वाजवणाऱ्यांची कुरकुर होती. म्हणून १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटला मागून पोटापाशी खोलगट कापलं आणि पुढून हात टेकतो तिथे उतार दिला. सत्तर वर्षं झाली, आजही निम्मं जग त्याच आकाराची नक्कल करतंय.

हलकी म्हणजे सुखाची, असंही समजू नका. काही गिटारी अंगानं इतक्या हलक्या असतात की पट्टा लावून हात सोडला की मान टाकतात. गिब्सनची एसजी यासाठी प्रसिद्ध. अशा वेळी ती मान तोलून धरायचं काम कोण करतं? आपला डावा हात. म्हणजे पुन्हा तोच अंगठा. माझी साधी चाचणी अशी: आपला रोजचा पट्टा घरून न्यायचा, उभं राहायचं, दोन्ही हात सोडायचे. गिटार जिथे होती तिथे राहिली तर पुढची बोलणी.

पाऊण इंचाची किंमत

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीचंच आहे. तारेची मोकळी लांबी, म्हणजे स्केल, फेंडर घराण्यात साधारण साडेपंचवीस इंच, गिब्सन घराण्यात पावणेपंचवीस. पीआरएस मधोमध, पंचवीसवर. पाऊण इंचानं काय होतंय, असं मलाही वाटायचं. पण तीच तार त्याच सुरात लावायची तर ताण लांबीच्या वर्गाच्या हिशोबानं बदलतो. म्हणजे लांबी तीन टक्क्यांनी कमी, तर ताण सुमारे सहा टक्क्यांनी कमी! शिवाय पहिल्या चार फ्रेट्सचं अंतर जवळजवळ चार मिलिमीटरनं आखडतं. माझ्यासारख्या लहान पंजाच्या बाईला हे चार मिलिमीटर म्हणजे वन बीएचकेमध्ये जास्तीची बाल्कनी मिळाल्यासारखं.

दहाच्या सेटऐवजी नऊचा सेट लावला तरी ताण उतरतो. 'नऊ' म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाडीची. जाड तारांशिवाय आवाजच येत नाही असं छातीठोकपणे सांगणारे मित्र प्रत्येक बँडमध्ये असतात. आमच्याकडे डेंटिस्ट आहे. त्याला चहा पाजावा आणि नऊचा सेट लावावा.

फ्रेटबोर्डची गोलाईही बघा. जुन्या पद्धतीच्या फेंडरमध्ये ती सव्वासात इंच त्रिज्येची, म्हणजे चांगलीच फुगीर. साधे कॉर्ड धरायला मस्त, पण तार ताणून सूर वर नेताना मधेच दम तोडू शकते. बारा इंचाचा बोर्ड जास्त सपाट. आधुनिक फेंडर साडेनऊवर तडजोड करतात. आणि मानेची जाडी? तिथे आकडे विसरा. बारीक मान सोपी असं सगळे म्हणतात, पण फार चपटी मान धरताना माझा अंगठा जास्त चिमटा घेतो असं लक्षात आलं. मुठीत सहज मावेल अशी, थोडी भरलेली गोलसर मानच मला मानवली. हे कुठल्याही यूट्यूबवाल्या बाबानं सांगितलं नसतं.

फ्रेट्स: दागिना कसला, टायर म्हणा

फ्रेट्स बहुतेक वेळा निकेल-सिल्व्हरच्या असतात. नावात सिल्व्हर, आत चांदीचा कणही नाही! तांबं, निकेल आणि जस्त. मऊ धातू, त्यामुळे झिजणारच. स्टेनलेस स्टीलच्या फ्रेट्स कितीतरी जास्त टिकतात आणि तार ताणताना बोट बर्फावरून सरकल्यासारखं जातं. आठवड्यातून दोनदा वाजवणाऱ्याला ही चैन वाटेल. पण आता ही गिटार मी पन्नाशीपर्यंत वापरणार आहे.

दुकानात हात मानेच्या दोन्ही कडांवरून हळूच फिरवून बघा. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, फ्रेट्स आकसत नाहीत, मग त्यांची टोकं करवतीसारखी बाहेर येतात. एका मोठ्या शोरूममध्ये, फुल एसीत टांगलेल्या एका देखण्या गिटारनं मला अक्षरशः ओरबाडलं. सेल्समन म्हणाला, "मॅडम, वापरून स्मूथ होईल." मी काटा पर्समध्ये टाकला आणि निघाले.

एक गंमत सांगते. फ्रेटबोर्डसाठी जगभर आवडीनं वापरलं जाणारं 'इंडियन रोझवुड' म्हणजे आपलं शिसवी. हो, तेच, आजोळच्या कपाटाचं! २०१७ साली या जातीच्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आली तेव्हा फेंडरनं मेक्सिकोतल्या अनेक गिटारींना शिसवीऐवजी दक्षिण अमेरिकेतलं पाउ फेरो बसवलं. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९च्या शेवटी.

शेवटी कोण पसंत पडलं?

यादी लांब होती. त्यात एक नाव मुद्दाम लिहिलं होतं. सेंट व्हिन्सेंट या अमेरिकन गिटारवादिकेनं २०१६ साली म्युझिक मॅनकडून स्वतःच्या अंगयष्टीचा विचार करून हलकी, कमरेला कातरलेली गिटार बनवून घेतली. बाईच्या शरीराचा विचार करून कुणीतरी पेन्सिल उचलली हेच मला भारी वाटलं. पण हाताळायला मिळाली नाही, आणि न हाताळता मी घेणार नव्हते. स्वीडनच्या स्ट्रँडबर्गची बिनडोक्याची गिटारही बघितली. डोकंच नाही, तर मान टाकण्याचा प्रश्न कुठे! मागून मान गोल नाही, पैलू पाडलेली. मनगटाला सुख वाटलं, किंमत ऐकून पुन्हा दुखलं.

मग मुंबईला एक चक्कर. धोबी तलावाला जेर महालाजवळचं फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं नाव. शनिवारी सकाळी, गर्दीच्या आधी. चार गिटारी, प्रत्येकीला वीस मिनिटं, आणि पहिली दहा मिनिटं अँपशिवाय. हा नियम मी फार पाळते. अँपचा आवाज म्हणजे पार्लरचा मेकअप, त्यात सगळ्याच सुंदर दिसतात. कोरी वाजवली की कुठली तार खरखरते, कुठला सूर लवकर मरतो, सगळं कळतं. मग बाराव्या फ्रेटवर ट्यूनर लावून सूर तपासायचा, नंतर अँप, आणि आवाज वाढवून हात तारांवरून काढायचा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर वीजपुरवठ्याची ती घोंऽऽ ऐकू येते. ती घालवायलाच तर गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ साली दोन कॉइल उलटसुलट जोडून हंबकर काढला. आमच्या बेसमेंटच्या वायरिंगचा विचार करता मला हंबकर हवाच होता.

बसून, उभं राहून, पुन्हा बसून वाजवल्यावर हातात राहिली ती यामाहाची रेव्हस्टार स्टँडर्ड. यादीत तिचं नाव शेवटचं होतं, कारण यामाहा म्हटलं की मला आधी भावाची मोटरसायकलच आठवते. (गंमत म्हणजे हिचा घाटही कॅफे रेसर मोटरसायकलींवरूनच घेतलाय!) पावणेपंचवीसचा स्केल, बारा इंची बोर्ड, स्टेनलेस फ्रेट्स, आतून पोकळ्या ठेवलेलं महोगनी. काट्यावर ३ किलो ६००. हात सोडले, मान जागच्या जागी. एफचा बार कॉर्ड धरला, वाट बघितली. कळ आली नाही. तो कॉर्ड मी इतका वेळ धरून ठेवला की शेजारी उकुलेले बघणारा मुलगा "आर यू ओके?" म्हणाला.

रंग? काळपट निळा. लाल होती, पण ती चार किलोंच्या वर भरली.

नव्या गिटारला सेटअप लागत नाही अशी कुणी समजूत करून दिली असेल तर विसरा. कारखान्यातून निघून, समुद्र ओलांडून, आपल्या दमट हवेत आलेली मान थोडी तरी वाकतेच. अंकलनी मानेतली लोखंडी सळई पाव फेरा पिळली, तारा बाराव्या फ्रेटवर दीड मिलिमीटरच्या जरा वर आणून ठेवल्या, नऊचा सेट चढवला. मी पट्टाही बदलला, तीन इंची रुंद चामड्याचा. खर्च थोडा, आराम मोठा.

जुनीला अंकलनी नव्या फ्रेट्स घातल्या आणि ती कोल्हापूरला भाचीकडे रवाना झाली. भाची चौदा वर्षांची, उंचीला माझ्यापेक्षा वरचढ, बास्केटबॉल खेळणारी. चार किलो तिला काहीच नाहीत. तिचा पहिला मेसेज आला, "मावशी, रेड आहे! थँक्यू!!" सध्या मी सलग चाळीस मिनिटं वाजवते, मग दहा मिनिटं थांबते आणि तेवढ्यात डेंटिस्ट त्याच्या दहाच्या तारांचं कौतुक ऐकवतो. गणपतीत सोसायटीत आमचा कार्यक्रम आहे, नऊ गाणी, सगळी उभ्यानं. अंकलनी पाऊस संपल्यावर पुन्हा घेऊन यायला सांगितलंय, तोवर मान परत थोडी हललेली असेल म्हणे.