चौकट : नदीला जागा देणारा देश

नेदरलँड्समध्ये ऱ्हाईन नदी शिरते ती लोबिथ गावाजवळ. थोडं पुढे गेल्यावर तिचे फाटे फुटतात आणि जवळजवळ दोनतृतीयांश पाणी वाल या शाखेत जातं. पाणी कमी असलं की दुसऱ्या फाट्यावरचा द्रीलचा बंधारा बंद करून तिथलं पाणी आयसेल नदीकडे वळवलं जातं. उत्तरेकडच्या गोड्या पाण्याच्या मोठ्या सरोवराची मोठी भिस्त याच पाण्यावर.

1995 साली नद्या इतक्या फुगल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. तोवर उत्तर ठरलेलं होतं : बांध उंच करा. त्यानंतर मात्र तीसहून अधिक ठिकाणी नदीचं पात्रच मोकळं करण्यात आलं. नायमेगेनसमोर लेंट इथे बांध 350 मीटर मागे सरकवून वालला समांतर नवा प्रवाह खोदला. त्यासाठी काही कुटुंबांना राहती घरं सोडावी लागली, हेही नोंदवायलाच हवं. ओव्हरडीप भागात शेतकऱ्यांचे गोठे आणि घरं मातीच्या उंचवट्यांवर नेली. आता मोठा पूर आला की पाणी शेतात शिरतं. माणसं आणि गुरं वर सुरक्षित राहतात.

मुख्य नद्या सरकारी जलखात्याकडे आहेत. स्थानिक कालवे, पंप आणि बहुतेक बांध सांभाळतात 21 जलमंडळं. काहींचा इतिहास तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. त्यांचा कर वेगळा, निवडणूकही वेगळी. पाण्यासाठी घेतलेला पैसा पाण्यावरच खर्च होतो तो यामुळेच.