एकमेकांत मिसळलेले आवाज : नेटिव्ह टंग्जचा मागोवा

३ मार्च २०२३ रोजी डे ला सोल या अमेरिकन गटाचे पहिले सहा अल्बम गाण्यांच्या ॲपवर एकदाचे ऐकायला मिळू लागले. त्यातला सर्वांत जुना, 'थ्री फीट हाय अँड रायझिंग', त्या दिवशी बरोबर ३४ वर्षांचा झाला. गटातल्या तिघांपैकी डेव्हिड जोलिकूर मात्र हे पाहायला उरला नव्हता. १९ दिवस आधी, १२ फेब्रुवारीला, वयाच्या ५४व्या वर्षी तो गेला. आपली गाणी लोकांपर्यंत पोहोचावीत म्हणून हे तिघं कित्येक वर्षं भांडत होते. भांडण सुटलं तेव्हा दोघंच राहिले होते.

हिप हॉपचा इतिहास बहुधा एकेकट्या मोठ्या नावांभोवती सांगितला जातो. मला त्यातला वेगळा धागा मोलाचा वाटतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या आसपासच्या काही पोरांनी गट बांधले आणि त्या गटांचा मिळून आणखी एक मोठा गोतावळा केला. 'नेटिव्ह टंग्ज' हे त्याचं नाव. माणसं एकमेकांत मिसळायची, तशाच जुन्या रेकॉर्डमधल्या आवाजांचे तुकडेही त्यांनी एकमेकांत मिसळले. या दोन्ही प्रकारच्या मिसळण्याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली.

जंगल ब्रदर्स हे त्यातले थोरले. माइक जी, आफ्रिका बेबी बॅम आणि डीजे सॅमी बी या तिघांचा 'स्ट्रेट आउट द जंगल' १९८८मध्ये आला. माइक जीच्या मामा-काका मंडळींपैकी एक म्हणजे रेडिओवर हिप हॉप घराघरांत नेणारा डीजे रेड अलर्ट, त्यामुळे दार उघडायला घरचाच माणूस होता. मॅनहॅटनमधल्या मरी बर्गट्रॉम हायस्कुलात त्यांच्याबरोबर जोनाथन डेव्हिस आणि अली शहीद मुहम्मद ही दोन मुलं शिकत होती. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' हे नाव त्यांना आफ्रिका बेबी बॅमनेच सुचवलं. जोनाथन पुढे क्यू-टिप झाला आणि नंतर त्याने कमाल फरीद हे नाव घेतलं.

डे ला सोलची तिघं शहराबाहेरची, लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिल गावची. केल्व्हिन मर्सर म्हणजे पॉस्डनूस, डेव्हिड जोलिकूर म्हणजे ट्रुगॉय आणि व्हिन्सेंट मेसन म्हणजे मेसिओ. डेव्हिडला दही आवडायचं, म्हणून इंग्रजीतला 'योगर्ट' उलटा लिहून त्याने ट्रुगॉय केलं. त्यांच्याच गावचा, वयाने जरा मोठा प्रिन्स पॉल तेव्हा स्टेट्सासॉनिक या गटात डीजे होता. त्याने या तिघांचं संगीत ऐकलं आणि तो त्यांचा चौथा माणूसच झाला.

'थ्री फीट हाय अँड रायझिंग'कडे आज पुन्हा पाहिलं की धाडसाचं आश्चर्य वाटतं. नावात जॉनी कॅशच्या एका गाण्याची आठवण आहे. एका गाण्यात स्टीली डॅनचा तुकडा आहे आणि ओटिस रेडिंगची शीळही आहे. मुलांना टीव्हीवर गणित शिकवणाऱ्या गाण्यातून 'द मॅजिक नंबर' जन्माला आलं. 'मी मायसेल्फ अँड आय'खाली फंकाडेलिकचा ठेका आहे. गाण्यांच्या मध्ये टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेची नक्कल करणारे छोटे प्रवेश घातले आहेत, आणि ही पद्धत नंतर पुढच्या कित्येक रॅप अल्बमांनी उचलली. सोन्याच्या जाड साखळ्या आणि कठोर चेहरे यांच्या काळात हे तिघं फुलांची चित्रं घेऊन आले. लोकांनी त्यांना हिप्पी म्हटलं, आणि ते लेबल त्यांना अजिबात आवडलं नाही. १९९१च्या दुसऱ्या अल्बमचं नाव त्यांनी 'डे ला सोल इज डेड' ठेवलं आणि मुखपृष्ठावर डेझीची फुटलेली कुंडी दाखवली. हा अल्बम पहिल्यापेक्षा सरस आहे असं माझं ठाम मत आहे. त्यात विनोद तितकाच आहे, पण तो दुखऱ्या जागांपर्यंत जातो. घरातल्या अत्याचाराबद्दलचं एक गाणं इतक्या सहज सुरात सुरू होतं की शेवटाला ऐकणारा हादरतो.

ट्राइबची गोष्ट क्वीन्समधल्या लिंडन बुलेव्हार्डवर घडते. क्यू-टिप आणि मलिक टेलर, म्हणजे फाइफ डॉग, लहानपणापासूनचे मित्र. जॅरोबी व्हाइट तिसरा आणि अली शहीद चौथा. १९९०च्या पहिल्या अल्बमवर फाइफ मोजक्याच गाण्यांत आहे. त्याच सुमारास त्याला मधुमेह असल्याचं निदान झालं. मग २४ सप्टेंबर १९९१ला 'द लो एंड थिअरी' आला आणि फाइफ क्यू-टिपच्या बरोबरीने उभा राहिला. क्यू-टिपचा आवाज मऊ, किंचित नाकातला, विचारात गुंतलेला. फाइफचा टोकदार, भांडखोर, त्रिनिदादी घरातल्या बोलीची फोडणी असलेला. त्यांचं एकमेकांच्या ओळी उचलणं, मध्येच पूर्ण करणं, टोकणं ऐकताना मला पोवाड्यातला शाहीर आणि त्याचा झीलकरी आठवतात. झीलकऱ्याने सूर उचलल्याशिवाय शाहिराचा चौक उभा राहत नाही. ट्राइबमध्ये तर दोघंही आळीपाळीने दोन्ही कामं करायचे.

या अल्बममधलं संगीत मुद्दाम रिकामं ठेवलेलं आहे. बास आणि ढोल पुढे, बाकी सारं मागे. जॅझच्या जगात आदराने नाव घेतल्या जाणाऱ्या रॉन कार्टरने एका गाण्यात स्वतः बास वाजवला. ध्वनिमुद्रक बॉब पॉवरने जुन्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे इतके स्वच्छ केले की ते त्याच खोलीत वाजवल्यासारखे वाटतात. ९ नोव्हेंबर १९९३ला 'मिडनाइट मरॉडर्स' आला. त्याच दिवशी स्टेटन आयलंडच्या वू-टँग क्लॅनचाही पहिला अल्बम बाजारात आला. नऊ जणांचा तो गट आणि ट्राइब यांच्या रीती किती निराळ्या! पण गट म्हणून विचार करण्याची सवय दोघांच्याही हाडात होती.

ती मिसळ अडचणीत यायला सुरुवात मात्र आधीच झाली होती. डे ला सोलच्या पहिल्या अल्बमात एक मिनिटभराचा प्रवेश आहे, फ्रेंच शिकवणाऱ्या एका रेकॉर्डवरचा आवाज आणि त्याखाली १९६०च्या दशकातल्या द टर्टल्स या गटाच्या गाण्याचा संथ केलेला तुकडा. टॉमी बॉय या कंपनीने अनेक तुकड्यांची परवानगी घेतली होती, याची घेतली नव्हती. टर्टल्सनी दावा लावला आणि तो न्यायालयाबाहेर पैसे देऊन मिटवावा लागला. १९९१च्या डिसेंबरमध्ये बिझ मार्की या रॅपरच्या खटल्याचा निकाल लागला. गिल्बर्ट ओसुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल न्यायाधीश केव्हिन डफी यांनी बायबलमधल्या चोरीविषयीच्या आज्ञेने निकालपत्राची सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला वकील लागू लागला. एका गाण्यात पाच-सहा रेकॉर्ड विणणारी ती पद्धत परवडेनाशी झाली. मूळ गायक-वादकांना मोबदला मिळायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण हिशोबाची अशी काही रीत निघायला हवी होती जिच्यात मूळ कलावंतालाही वाटा मिळेल आणि नवं कामही शक्य होईल. तशी रीत निघाली नाही, आणि एक संपूर्ण शैली दहा वर्षांच्या आत श्रीमंतांपुरती उरली. लू रीडच्या गाण्याचा तुकडा घेऊन केलेल्या 'कॅन आय किक इट'मधून ट्राइबला काहीच पैसे मिळाले नाहीत, असं फाइफ नंतर सांगायचा.

माणसांमधली वीणही सैल होत होती. जॅरोबी पहिल्या अल्बमनंतर स्वयंपाकाचं शिक्षण घ्यायला निघून गेला. फाइफ अटलांटाला राहायला गेला. क्यू-टिप आणि अली यांनी डेट्रॉइटच्या जे डिलाला सोबत घेऊन संगीत रचायला सुरुवात केली. १९९६चा 'बीट्स, ऱ्हाइम्स अँड लाइफ' बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, पण त्यात दोन मित्रांमधलं ते बोलणं विरळ झालेलं ऐकू येतं. फाइफला स्वतःच्याच गटात परकं वाटू लागलं होतं. १९९८मध्ये 'द लव्ह मूव्हमेंट' काढून गट फुटला. त्याच १९९६ साली डे ला सोलने, प्रिन्स पॉलशिवाय, 'स्टेक्स इज हाय' केला. त्याचं शीर्षकगीत जे डिलाचंच. पोटतिडकीने केलेलं ते गाणं आहे: पैशाच्या आणि दिखाव्याच्या मागे लागलेल्या हिप हॉपला थांबवून जाब विचारणारं.

ट्राइब फुटला तरी डे ला सोल फुटले नाहीत. त्यांच्या वाट्याला वेगळी शिक्षा आली. उचललेल्या तुकड्यांचे, म्हणजे सॅम्पलचे, जुने करार रेकॉर्ड, कॅसेट आणि सीडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले होते, इंटरनेटवरच्या विक्रीचा त्यांत उल्लेख नव्हता. संगीत ऐकण्याची सवय दुकानातून फोनवर सरकली आणि डे ला सोलचं उत्तम काम दिसेनासं झालं. २००५मध्ये गोरिलाझ या गटाबरोबरच्या 'फील गुड इंक.' या गाण्यामुळे जगभर त्यांचा आवाज ऐकला गेला, त्याला ग्रॅमीही मिळालं. ते ऐकून कोणी मागचं शोधायला गेलं, तर हाती काही लागत नव्हतं. २०१०च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 'थ्री फीट हाय' राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवला. देशाने जपण्याजोगा ठरवलेला अल्बम देशातल्या मुलांना फोनवर ऐकता येत नव्हता! १४ फेब्रुवारी २०१४ला वैतागून या तिघांनी आपली सगळी जुनी गाणी २५ तासांसाठी संकेतस्थळावर फुकट वाटली. २०१६चा अल्बम चाहत्यांच्या वर्गणीतून झाला. सहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. त्या पैशातून त्यांनी वादकांना बोलावून दोनशेहून अधिक तासांचं वादन मुद्रित केलं आणि मग त्यातूनच तुकडे उचलले. कोणाची परवानगी मागायला नको म्हणून स्वतःच मूळ रेकॉर्ड तयार केलं. मला ही गोष्ट त्यांच्या चिकाटीचा सर्वांत मोठा पुरावा वाटते.

२०१९मध्ये टॉमी बॉयने जुने अल्बम ऑनलाइन आणायचं ठरवलं, तेव्हा आपल्याला मिळणारा वाटा अन्यायाचा आहे म्हणून या तिघांनी जाहीर विरोध केला आणि ते थांबवलं. २०२१च्या अखेरीस 'स्पायडर-मॅन: नो वे होम' आला. शेवटच्या नामावलीला 'द मॅजिक नंबर' वाजलं, जगभरच्या चित्रपटगृहांत असंख्य लोकांनी ऐकलं, आणि घरी येऊन ॲपवर शोधलं तर सापडेना. त्याच वर्षी रिझर्व्हॉयर या कंपनीने टॉमी बॉय विकत घेतली आणि गटाशी नीट बोलणी केली. परवानग्या नव्याने घेतल्या गेल्या, काही तुकडे पुन्हा वाजवून घ्यावे लागले. या सगळ्याला वेळ लागला, आणि डेव्हपाशी तेवढा वेळ नव्हता. त्याचं हृदय कमकुवत होतं, आणि हे त्याने स्वतःच सांगितलेलं होतं.

फाइफचं जाणं याच्या सात वर्षं आधीचं. त्याला २००८मध्ये पत्नीने मूत्रपिंड दिलं होतं. १३ नोव्हेंबर २०१५ला, पहिल्या अल्बमच्या पंचविशीनिमित्त, ट्राइब जिमी फॅलनच्या कार्यक्रमात एकत्र आला. पॅरिसवर हल्ले झाले ती हीच रात्र. त्या रात्रीनंतर चौघांनी पुन्हा अल्बम करायचं ठरवलं. फाइफ न्यू जर्सीतल्या क्यू-टिपच्या घरी येऊन, तब्येत साथ देईल तेवढं, मुद्रण करत राहिला. अल्बम पूर्ण होण्याआधी, २२ मार्च २०१६ला, ४५व्या वर्षी तो गेला. ११ नोव्हेंबरला, ट्रम्प निवडून आल्यानंतर तीन दिवसांनी, 'वी गॉट इट फ्रॉम हिअर' प्रसिद्ध झाला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. दुसऱ्या दिवशी 'सॅटरडे नाइट लाइव्ह'च्या मंचावर फाइफचं भलंमोठं चित्र खाली सोडलं, त्याचा मुद्रित आवाज वाजू दिला आणि त्याच्या ओळी संपेपर्यंत बाकीचे गप्प उभे राहिले. १९९१ला स्वयंपाकघराकडे वळलेला जॅरोबी या अल्बमात इतकं दमदार रॅप करतो की पंचवीस वर्षं तो कुठे होता असं वाटतं. लिंडन बुलेव्हार्डच्या एका चौकाला आता मलिक टेलरचं नाव आहे. त्याची आई शेरिल बॉइस-टेलर कवयित्री. तिने लेकाच्या आठवणींचं 'मामा फाइफ रिप्रेझेंट्स' हे पुस्तक लिहिलं.

हा शेवटचाच अल्बम असं ट्राइबने तेव्हा सांगितलं होतं आणि आजवर ते पाळलं. २०२४मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. पॉस आणि मेसिओ मात्र डे ला सोल याच नावाने कार्यक्रम करत राहिले आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी 'केबिन इन द स्काय' काढला. त्यात डेव्हचा आवाज आहे.

नव्याने ऐकणाऱ्याने या अलीकडच्या अल्बमांपासून सुरुवात करू नये असं मला वाटतं, कारण गेलेल्या माणसाचं मोल कळायला तो आधी पुरेसा ओळखीचा व्हावा लागतो. 'मिडनाइट मरॉडर्स' आधी ऐकावा, एका बैठकीत, गाणी पुढे न ढकलता. मग 'डे ला सोल इज डेड'. इंग्रजी शब्द पहिल्या वेळी सगळे हाती लागणार नाहीत, त्याने बिघडत नाही. कोण कोणाचं वाक्य उचलतंय, कोण कुठे हसतंय, कोण कोणाला जागा करून देतंय, एवढ्याकडे कान असले तरी पुरे.