मुलाखतीला जाताना जुनी केस सांगायची की लपवायची?

नगर जिल्ह्यातली (कागदावर आता अहिल्यानगर) आपली बरीच मुलं पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात. बरीच नागापूर आणि सुप्याच्या एमआयडीसीत मुलाखतींना जातात. कपडे कसे घालायचे, उर्दू माध्यमातून शिकल्यामुळे मराठी बोलताना अडखळतो त्याचं काय करायचं, असे प्रश्न ती आम्हा शिक्षकांना विचारतात. पण काही पोरं बाकीचे गेल्यावर मागे थांबतात आणि हळूच म्हणतात, "सर, माझ्यावर एक केस आहे. फॉर्ममध्ये लिहू का?"

केस कसली? कॉलेजच्या गेटवरची मारामारी, मिरवणुकीतली बाचाबाची, रागाच्या भरात मोबाइलवर टाकलेलं स्टेटस. मे २०२३ मध्ये शेवगावात दगडफेक झाली, त्यानंतरही अनेक तरुणांची नावं पोलीस ठाण्याच्या कागदावर आली. कोण दोषी आणि कोण नुसता गर्दीत उभा होता, ते कोर्ट ठरवेल. नोकरीचा फॉर्म मात्र त्या निकालाची वाट पाहत नाही.

घरातले मोठे म्हणतात, "कशाला सांगायचं बेटा, कोणाला कळणार आहे?" आमच्या मते मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्यानं होतं. सरकारी नोकरीत निवड झाली की साक्षांकन नमुना भरून घेतात. कधी अटक झाली का, खटला चालला का, शिक्षा झाली का, एखादी केस चालू आहे का, हे त्यात विचारलेलं असतं. मग तो कागद चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांकडे जातो. तिथली नोंद आता संगणकावर आहे. उमेदवारानं "नाही" लिहिलं आणि अहवालात "आहे" आलं, तर गुन्हा किरकोळ असला तरी खोटं बोलल्याचा ठपका बसतो. त्यावरच नेमणूक रद्द होऊ शकते.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २१ जुलै २०१६ रोजी अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात याबद्दलचे नियम एकत्र सांगितले. आपल्या कामाचा भाग एवढाच: दिलेली माहिती खरी हवी. जेवढं स्पष्टपणे विचारलं आहे तेवढंच सांगणं बंधनकारक. तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ मामला असेल तर अधिकारी लपवल्याकडेही दुर्लक्ष करू शकतो, पण ते त्याच्या विवेकावर. आणि खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळालीच पाहिजे, असंही नाही; पार्श्वभूमी तपासण्याचा हक्क मालकाकडे राहतो. हे शेवटचं वाक्य कडू आहे, पण मुलांना ते आधीच माहीत असलेलं बरं.

त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीतला एक खटला याच न्यायालयात आला होता. उमेदवारानं अर्जात जुनी मारामारीची केस लिहिली नव्हती. तिच्यात तडजोड होऊन तो सुटला होता, आणि पुढच्या साक्षांकन नमुन्यात त्यानं ती स्वतःहून लिहिली. न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. तरुण वयात चुका होतात, असं म्हणताना पाव चोरल्यामुळे आयुष्यभर डाग बसलेल्या व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ व्हालज्याँचीही आठवण काढली. म्हणून लपवायला हरकत नाही, असं कोणी समजू नये. पोलीस आणि सुरक्षा दलांत निकष जास्त कडक असतात.

घटना अठरा वर्षांच्या आतली असेल तर चित्र वेगळं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे मुलाला अपात्र ठरवता येत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरच्या काही गंभीर प्रकरणांचा. हे पालकांनाच काय, वरच्या वर्गांना शिकवणाऱ्या कित्येक शिक्षकांनाही ठाऊक नसतं.

आता मुलाखतीआधीचं काम. कोर्टाच्या तारखा चुकवल्या असतील तर वॉरंट निघालेलं असू शकतं. वकिलामार्फत हजर होऊन ते आधी रद्द करून घ्या. केस कुठवर आली, ते ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. कमी उत्पन्न असलेल्यांना, तसंच महिलांना मोफत वकील मिळतो. समोरच्याशी समेट शक्य असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन माफी मागा. कोणाचं नुकसान केलं असेल तर भरून द्या. ज्या गुन्ह्यात कायदा तडजोडीला परवानगी देतो, तिथे तडजोड झाली की ती निर्दोष सुटका धरली जाते. तरीही केस झालीच नव्हती असं होत नाही, विचारलं तर सांगावीच लागते.

खासगी कंपनीत बहुतेक वेळा केसपेक्षा "मधली दोन वर्षं काय करत होतास?" हा प्रश्न येतो. भांडून नोकरी सोडली असेल तर जुन्या सुपरवायझरला आधी भेटा, अनुभवाचा दाखला मागा. दहावी राहिली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरा. उत्तर तीन-चार वाक्यांचं ठेवा. "मारामारीत माझं नाव आलं होतं. कोर्टानं सोडलं, निकालाची प्रत सोबत आहे. त्यानंतर मी आयटीआय पूर्ण केलं." एवढं बोलून थांबायचं. आम्ही सराव घेतो तेव्हा मुलं नेमकी इथेच घसरतात: दोष मित्रांवर, पोलिसांवर, जमान्यावर टाकत सुटतात. त्यात खरंही असेल, पण पाच मिनिटांच्या मुलाखतीत ते रडगाणं वाटतं.

आणि निकालाची प्रमाणित प्रत मुलाखतीच्या आदल्या दिवशी मिळत नाही. अर्ज करून वाट पाहावी लागते, म्हणून जाहिरात निघण्याची वाट न बघता तो आजच टाका. प्रत आली की दोन झेरॉक्स काढून शाळेच्या दाखल्याबरोबर ठेवा.