मीरा : अकरा महिन्यांचा फेरा

मागच्या भागात ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला की तो फुगून तांबडा राक्षसी तारा कसा होतो, ते पाहिलं. हे म्हातारपण नुसत्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर मीरासारखा तारा नाही. आणि पालघर तालुक्यात त्यासाठी दांडीच्या किनाऱ्यासारखी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

कारण साधं आहे. पूर्वेकडचं आकाश बोईसरच्या औद्योगिक वसाहतीच्या उजेडानं फिकट झालंय, उत्तरेला तारापूर अणुऊर्जा केंद्राचे दिवे आहेत. काळोख उरलाय तो पश्चिमेला, समुद्रावर. मीरा खगोलीय विषुववृत्ताला अगदी लागून असल्यामुळे मावळतो तो जवळजवळ थेट पश्चिमेला, म्हणजे दांडीवरून पाहणाऱ्याच्या समोर, पाण्यात. नोव्हेंबरात संध्याकाळी तो पूर्वेच्या उजेडात अडकलेला असतो. त्यापेक्षा फेब्रुवारीपर्यंत थांबावं. महिन्याच्या मध्यावर, चांदणं नसेल अशा रात्री आठच्या सुमारास कृत्तिकांचा पुंजका डोक्याच्या थोडा पश्चिमेला सापडेल. तिथून खाली, डावीकडे उतरत आलं की तिमिंगल तारकासमूहातला मेंकर हा ठळक तारा लागतो. त्याच दिशेनं आणखी खाली, समुद्राकडे सरकलं की मीराची जागा.

जागा म्हणतोय, कारण तारा तिथे दिसेलच असं नाही. मीरा जोरात असतो तेव्हा साधारण तिसऱ्या प्रतीचा, म्हणजे सहज दिसणारा. मग उतरत उतरत नवव्या प्रतीपर्यंत जातो आणि साध्या डोळ्यांना पार दिसेनासा होतो. सहा प्रतींचा हा फरक म्हणजे प्रकाश सुमारे अडीचशे पटींनी कमी. एक फेरा सरासरी ३३२ दिवसांचा. चढताना घाई, उतरताना सावकाशी.

१५९६ च्या ऑगस्टमध्ये डाव्हिड फाब्रिसियस या जर्मन पाद्र्यानं हा तारा टिपला. काही आठवड्यांनी तो फिका होत गेला आणि फाब्रिसियसनं त्याला नवतारा ठरवून विषय संपवला. १६०९ मध्ये तोच तारा त्याला पुन्हा दिसला. पुढे १६३८ मध्ये होल्वार्डानं हा पुन्हापुन्हा येणारा तारा आहे हे ओळखलं आणि १६६२ मध्ये हेवेलियसनं त्याला मीरा, म्हणजे लॅटिनमध्ये अद्भुत, असं नाव दिलं. आपल्या मीराबाईशी त्याचा संबंध नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. मीराचं वस्तुमान सूर्याच्या आसपासचंच, व्यास मात्र सूर्याच्या शेकडो पट. इतक्या विरळ, फुगलेल्या ताऱ्याचे बाहेरचे थर स्थिर राहत नाहीत. भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवा : आतली वाफ कोंडते, झाकण उचललं जातं, वाफ निसटते, झाकण परत बसतं. मीरामध्ये झाकणाचं काम मुख्यतः अर्धवट आयनीभूत झालेल्या हायड्रोजनचा थर करतो. दाबला गेला की तो आतून येणारी ऊर्जा अडवतो, त्या जोरावर बाहेर ढकलला जातो, पसरून मोकळा होतो आणि स्वतःच्या वजनानं पुन्हा खाली येतो.

पण नुसत्या या फुगण्या-आकसण्यानं प्रकाश अडीचशे पटींनी घटत नाही. मीरातून बाहेर पडणारी एकूण ऊर्जा इतकी बदलतच नाही. त्याचा पृष्ठभाग मुळातच थंड, तीन हजार केल्विनच्या घरातला. तो आणखी थंडावला की वातावरणात टायटॅनियम ऑक्साइडचे रेणू वाढतात आणि नेमका डोळ्यांना दिसणारा प्रकाशच अडवतात. बरीचशी ऊर्जा अवरक्त किरणांतून जात राहते. म्हणजे तारा विझलेला नसतो, आपल्या डोळ्यांच्या कक्षेबाहेर तळपत असतो. या लेखमालेतली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच.

३३२ दिवसांचा फेरा वर्षापेक्षा ३३ दिवसांनी लहान. त्यामुळे मीराचा भर दर वर्षी साधारण महिनाभर आधी येतो. यंदा जानेवारीत आला तर पुढचा डिसेंबरात. असा तो मागे सरकत पावसाळ्यात शिरला की कोकणपट्टीवर काही वर्षं ढगच पाहायचे. एप्रिल-मेमध्ये आला तर सूर्याशेजारी दडलेला. म्हणून भर फेब्रुवारीच्या आसपास पडेल ती वर्षं किनाऱ्यावरच्या माणसानं सोडू नयेत.

निरीक्षणाला दुर्बीण लागतेच असं नाही. मेंकर २.५ प्रतीचा, त्याच्या जवळचा गॅमा ३.५, डेल्टा ४.१. मीरा गॅमापेक्षा फिका पण डेल्टापेक्षा ठळक वाटला, तर तो या दोघांच्या मधला, अंदाजे ३.८. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये, तो उगाचच ठळक भासू लागतो. नजर भिरभिरती ठेवावी. क्षितिजाजवळ उतरला की धुरकट हवा त्याचा प्रकाश खाते, म्हणून नोंद तो उंच असतानाच करावी.

अशा नोंदींना किंमत आहे. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी तीन इंची दुर्बिणीपासून सुरुवात करून रूपविकारी, म्हणजे मीरासारख्या प्रकाश बदलणाऱ्या, ताऱ्यांची ३७ हजारांहून अधिक निरीक्षणं अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेकडे पाठवली. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. पालघरच्या शाळांतून एखादा गट उभा राहिला, तर तारीख, वेळ, तुलनेचे दोन तारे आणि अंदाजे प्रत एवढ्या चार रकान्यांची वही पुरे.

मीरामागे १३ प्रकाशवर्षं लांबीची शेपटी आहे, ती २००७ मध्ये गॅलेक्स या अंतराळ दुर्बिणीच्या अतिनील चित्रांत सापडली. ती आणि मीराचा छोटा सोबती, पुढच्या आठवड्यात.